आकडा दाबायचा, पण बोटाने नाही

वाचकांचे प्रश्न

'मराठीसाठी एक दाबा' असं ऐकल्यावर ज्यांची बोटं चालतात ते दाबून मोकळे होतात. ज्यांची चालत नाहीत, किंवा त्या वेळी मोकळी नसतात, त्यांची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : वडिलांची दोन्ही हातांची बोटं पक्षाघातानंतर नीट वळत नाहीत. बोलणं मात्र स्पष्ट आहे. फोन अँड्रॉइड आहे. विजेची तक्रार असो की गॅसचं बुकिंग, सगळीकडे आकडे दाबायला सांगतात. शिवाय सोसायटीच्या गेटवरून 'पाहुण्याला आत सोडण्यासाठी १ दाबा' असा फोन येतो. नुसतं बोलून हे जमेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमेल, आणि वेगळं यंत्र विकत घ्यावं लागणार नाही. मात्र आपण लावायचे फोन आणि आपल्याला येणारे फोन यांचे उपाय वेगळे आहेत.

लावायच्या फोनसाठी सगळे आकडे आधीच संपर्कात लिहून ठेवा. फोन नंबरापुढे स्वल्पविराम टाकला की फोन तिथे थोडा थांबतो आणि पुढचे आकडे आपण दाबल्यासारखे स्वतः पाठवतो. हे थांबणं समोरून फोन उचलला गेल्यावर सुरू होतं. घंटी किती वेळ वाजली याच्याशी त्याचा संबंध नाही. स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम टाकला तर फोन अडून राहतो आणि 'पुढचे आकडे पाठवू का?' असं विचारतो. ही चिन्हं सापडत नसतील तर कीपॅडवरच्या तीन टिंबांच्या मेनूत 'ॲड पॉज' आणि 'ॲड वेट' शोधा.

स्वल्पविराम किती टाकायचे, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. आधी एकदा स्पीकरवर तोच फोन लावा, समोर सेकंदकाटा असलेलं घड्याळ ठेवा आणि फोन उचलल्यापासून कितव्या सेकंदाला काय विचारलं जातं ते कागदावर लिहा. दुसऱ्या फेरीत टेप चालू असतानाच, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत आकडा दाबून बघा. लगेच पुढचा मेनू आला तर ती यंत्रणा मध्येच दाबलेला आकडा घेते. तसं असेल तर काम सोपं आहे. नाही घेतला तर प्रत्येक टेप संपेपर्यंत थांबावं लागेल आणि स्वल्पविरामांची माळ लांबेल.

समजा, चौथ्या सेकंदाला भाषा विचारतात, मग कामाचा प्रकार, मग ग्राहक क्रमांक, आणि मध्येच दाबलेलं चालतं. तर नंबरापुढे तीन स्वल्पविराम, भाषेचा आकडा, दोन स्वल्पविराम, कामाचा आकडा, पुन्हा दोन स्वल्पविराम, ग्राहक क्रमांक आणि मागितला असेल तर शेवटी हॅश. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो. तो एकदा अचूक लिहिला की दर वेळी बिल शोधायचा व्याप संपतो. स्क्रीनवर एका स्वल्पविरामाला 'दोन सेकंद' म्हटलेलं असतं, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर प्रत्यक्षात तीन भरतात. म्हणून हिशेब कागदावर न ठेवता दोन-तीनदा लावून पक्का करा.

बिघाड होतो तो नेहमी एकाच पद्धतीने. पहिला आकडा स्वागताच्या टेपखाली गिळला जातो आणि मागचे सगळे एक घर पुढे सरकतात. म्हणजे भाषेच्या प्रश्नाला कामाचा आकडा जातो, कामाच्या प्रश्नाला ग्राहक क्रमांकातला पहिला. थांबणं जास्त झालं तर सहसा मेनू पुन्हा वाचला जातो इतकंच. कमी पडलं तर आकडा हरवतो. तेव्हा शंका असेल तिथे, विशेषतः पहिल्या आकड्याआधी, एक स्वल्पविराम जास्त टाका. कंपन्या मेनूतला क्रम मधूनमधून बदलतात. एके दिवशी भलत्याच ठिकाणी फोन पोहोचला तर बिघाड फोनमध्ये शोधू नका, पुन्हा कागद-घड्याळ घ्या.

संपर्काला छोटं, घरात दुसऱ्या कुणाशी न जुळणारं नाव द्या: 'वीज तक्रार', 'गॅस बुकिंग'. मग 'ओके गूगल' म्हणून 'वीज तक्रारला फोन लाव' एवढं सांगायचं. गूगल असिस्टंटला मराठी कळतं. पिन, पासवर्ड मात्र या माळेत कधीच लिहू नका. संपर्कयादी खात्यावर जाते आणि फोनमधली निम्मी ॲप तिच्यात डोकावतात.

आता गेटवरून येणारा फोन. इथे माळ उपयोगाची नाही, कारण फोन समोरून येतो. यासाठी गूगलचं 'व्हॉइस ॲक्सेस' वापरा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ते सापडतं, नसेल तर प्ले स्टोअरवर मोफत आहे. चालू केल्यावर त्याच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन फोनवर बोलणं चालू असतानाही ऐकत राहण्याचा पर्याय सुरू करा. हा पर्याय सुरुवातीला बंद असतो, आणि 'आमच्याकडे चालत नाही' या तक्रारीचं पहिलं कारण हेच असतं. फोन आला की इंग्रजीत क्रमाने म्हणायचं: 'आन्सर कॉल', 'टॅप स्पीकर', 'टॅप कीपॅड', 'टॅप वन'. बटणावर जो शब्द दिसतो तोच 'टॅप'नंतर म्हणायचा. काही फोनांवर कीपॅडऐवजी डायलपॅड लिहिलेलं असतं.

यात दोन खड्डे आहेत. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर बटणांवरचे शब्द मराठी दिसतात आणि इंग्रजी आज्ञेशी जुळत नाहीत. अशा वेळी 'शो लेबल्स' म्हटलं की प्रत्येक बटणावर एक क्रमांक चिकटतो आणि तो क्रमांक म्हणून बटण दाबता येतं. दुसरा खड्डा इथेच आहे: कीपॅडवर हे क्रमांक दाखवले की ५ च्या बटणावर ८ आणि २ च्या बटणावर ५ अशी चिठ्ठी बसू शकते. 'टॅप फाइव्ह' म्हटल्यावर मग कोणता पाच? कीपॅड उघडल्यावर आधी 'हाइड लेबल्स' म्हणायची सवय लावा, मग आकडा बोला.

'टॅप वन' हे शब्द पलीकडेही ऐकू जातात. गेटच्या यंत्राला त्याने फरक पडत नाही, कारण ते फक्त बटणाची वाट बघत असतं. पहिले काही दिवस घरातल्याच दुसऱ्या फोनवरून वडिलांना फोन करून सराव करून घ्या. खऱ्या फोनला उत्तर द्यायला वेळ थोडाच मिळतो. रोज येणारी मोलकरीण, दूधवाला यांची परवानगी आधीच नोंदवता आली तर फोनच कमी होतील.

प्रश्न : हेच आयफोनवर कसं करायचं?
– एक वाचक, औंध

उत्तर : आयफोनमध्ये 'व्हॉइस कंट्रोल' आहे, आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हॉइस कंट्रोल. भाषेत भारतीय इंग्रजी निवडा, आपले उच्चार बरे पकडले जातात. 'टॅप कीपॅड', 'टॅप फाइव्ह' तसंच. सतत ऐकत राहू नये म्हणून 'गो टू स्लीप' आणि परत 'वेक अप'. चिठ्ठ्यांचा घोळ इथेही होतो. पडद्यावर चिठ्ठ्या दाखवणाऱ्या 'ओव्हरले' या पर्यायात क्रमांकाऐवजी नावं निवडा. संपर्कात पॉज आणि वेट टाकायला नंबराच्या कीपॅडवरचं अधिक-तारा-हॅशचं बटण दाबा. वेट टाकलेला असेल तर चालू फोनमध्ये 'डायल' असं बटण दिसतं, ते आवाजाने दाबता येतं.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी बोललेला आकडा ओळखून त्याचा डीटीएमएफ टोन (फोनचं बटण दाबल्यावर निघणारा सूर) स्पीकरवर काढणारा बोर्ड बनवला आहे. लँडलाइनच्या माउथपीससमोर धरला तर ४ ते ९ चालतात, १, २, ३ बऱ्याचदा लागत नाहीत. मोबाइलसमोर तर काहीच चालत नाही. चूक कुठे आहे?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : लँडलाइनवरची चूक तुमच्या स्पीकरची आहे. मोबाइलवर चूक नाहीच, तिथे मार्गच वेगळा आहे.

आधी लँडलाइन. प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर काढतं, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या रांगेचा. ओळींचे सूर ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. रांगांचे १२०९, १३३६ आणि १४७७. चौथी रांग १६३३ ची, पण ती घरच्या फोनवर नसते. म्हणजे ५ म्हणजे ७७० आणि १३३६. अमेरिकेतल्या बेल कंपनीने १८ नोव्हेंबर १९६३ ला ही पद्धत ग्राहकांसाठी सुरू केली आणि आकडे अजून तेच आहेत. १, २, ३ या तिन्हींमध्ये ६९७ हा सर्वांत खालचा सूर असतो. दोन सेंटिमीटरच्या स्पीकरला खालचे सूर जोरात काढता येत नाहीत. वरचा सूर पोहोचतो, खालचा फिका पडतो, आणि दोन्हींच्या जोरात फार फरक असला की सुरांवरून आकडा ओळखणारा डीकोडर तो आकडा नाकारतो. आवाज वाढवून हे सुटत नाही, उलट स्पीकर फाटायला लागतो आणि नको ते सूर मिसळतात. पाच सेंटिमीटरचा स्पीकर छोट्या बंद डबीत बसवा, माउथपीसपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरा आणि आवाज मध्यम ठेवा. सूर १०० मिलिसेकंद चालू, १०० मिलिसेकंद बंद. चाळीस मिलिसेकंदांपेक्षा आखूड सुरावर विसंबू नका. जुन्या टेलिफोनवर टोन-पल्सचं बटण असेल तर ते टोनवर आहे ना, तेही बघा. पल्सवर असेल तर फोनची स्वतःची बटणं मेनूत चालणार नाहीत आणि तुलना करताना तुमचा गोंधळ होईल.

कानाने अंदाज करण्यापेक्षा तपासणी-सर्किट बनवा. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात एमटी८८७० ही १८ पायांची आयसी मिळते. तिच्यासोबत ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (हा विचित्र आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीचा, म्हणून तो स्वस्तात मिळत आला), १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर, ३३० किलोओहमचा एक आणि ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. पुरवठा ५ व्होल्ट. ११ ते १४ या पायांवर चार एलईडी लावले की आकडा बायनरीत दिसतो, आणि १५ वा पाय आकडा खरा धरला गेल्यावरच वर जातो. शून्य दाबल्यावर ०००० ऐवजी १०१० दिसेल. तो बिघाड नाही, या आयसीत शून्याची नोंद दहा म्हणून असते.

बोर्ड थेट टेलिफोनच्या तारांना जोडायचा मोह आवरा. तारांवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी चढतो. ६०० ओहमचा १:१ ट्रान्सफॉर्मर आणि २५० व्होल्टचा कपॅसिटर यांच्याशिवाय जोडलेला मायक्रोकंट्रोलर पहिल्या घंटीला जातो.

आता मोबाइल. चालू फोनमध्ये ५ दाबला की तुमच्या फोनमधून सूर निघतच नाही. '५ दाबला' असा निरोप नेटवर्कला जातो आणि पुढे जिथे सूर हवा असतो तिथे नेटवर्क तो तयार करतं. व्होल्टीईवरही (फोरजीवरून जाणाऱ्या फोनमध्ये) हा आकडा बोलण्याच्या आवाजात न मिसळता वेगळ्या पाकिटातून जातो. कानाला जे 'टिंग' ऐकू येतं ते फक्त तुमच्या समाधानासाठी आहे. तुम्ही स्पीकरने माइकवर वाजवलेला सूर मात्र आवाज म्हणूनच धरला जातो. आधी गोंगाट कमी करणारी प्रणाली त्याला एकसुरी गोंगाट समजून दाबते, मग आवाज आकसणारा कोडेक माणसाच्या बोलण्याच्या मापाने त्याला घडी घालतो. पलीकडे जे पोहोचतं त्यात दोन स्वच्छ सूर उरत नाहीत. टोन वाजवणारी ॲप चालू फोनमध्ये उपयोगी का पडत नाहीत, त्याचं उत्तरही हेच.

तेव्हा मोबाइलला आकडा सांगायचा असेल तर सूर सोडा, निरोप पाठवा. ब्लूटूथच्या हँड्सफ्री प्रोफाइलमध्ये त्यासाठी एटी+व्हीटीएस ही आज्ञा आहे. गाडीच्या पडद्यावरचा कीपॅड याच मार्गाने चालतो. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर घ्या, पण मूळचा. त्याच्या एस३ आणि सी३ या प्रकारांत फक्त बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) असतं, हँड्सफ्री नाही. त्याचा प्रोग्राम लिहायच्या ईएसपी-आयडीएफ या संचात हँड्सफ्री क्लायंटचं उदाहरण तयार आहे आणि त्यात डीटीएमएफ पाठवायचं फंक्शनही आहे. तुमचं आकडा ओळखणारं मॉड्यूल त्या फंक्शनला जोडा. बोर्ड फोनला हेडसेट म्हणून दिसेल. यात एक फायदा आहे: माइक बोर्डाकडे असल्याने 'पाच' हा शब्द पलीकडे जाऊ द्यायचा की नाही हे तुमच्या हातात राहतं.

प्रश्न : विहिरीवर मोबाइल स्टार्टर आहे. फोन लावायचा, १ दाबला की मोटर चालू, ० दाबला की बंद. हात चिखलात किंवा औषधाच्या फवाऱ्यात असतात. आवाजाने चालवता येईल का? कधीकधी न दाबताच मोटर बंद पडते, ते का?
– एक शेतकरी, शिरूर तालुका

उत्तर : असे स्टार्टर आपल्याकडे घरोघर माहीत झाले त्यात पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'चा वाटा मोठा आहे. रात्रपाळीची वीज आणि वाटेत बिबट्या, असं असताना विहिरीपर्यंतचा एक हेलपाटा वाचला तरी पुष्कळ.

आवाजाने चालवायला कोथरूडच्या उत्तरातली माळ पुरेशी आहे. स्टार्टरच्या नंबराचे दोन संपर्क करा, एकात शेवटी १, दुसऱ्यात ०. नावं 'मोटर चालू' आणि 'मोटर बंद' अशी ठेवू नका. वाऱ्यात, ट्रॅक्टरच्या आवाजात असिस्टंट पहिला शब्द पकडतो आणि दुसऱ्यावर घसरतो. 'पाणी सोड' आणि 'पंप थांबव' अशी सुरुवातच वेगळी ठेवा. आकड्याआधी दोन स्वल्पविराम टाका, कारण फोन उचलल्यावर यंत्राला ऐकायला सुरुवात करायला क्षण-दोन क्षण लागतात. स्टार्टर मोजक्याच नंबरांचं ऐकतो, तेव्हा ज्या फोनवरून लावणार तो नंबर त्यात नोंदवलेला हवा. फोन स्पीकरवर ठेवून उलट येणारा संदेश किंवा बीप ऐकल्याशिवाय मोटर चालू झाली असं धरू नका; फेज गेलेला असेल तर आकडा पोहोचूनही मोटर उठणार नाही.

न दाबता मोटर बंद पडण्याची दोन कारणं आधी तपासा. फोन लागल्यावर तुम्ही शेजाऱ्याशी मोठ्याने बोलता, शिट्टी वाजते, इंजिन गुणगुणतं. त्यातले सूर क्वचित एखाद्या आकड्याशी जुळतात आणि डीकोडर फसतो. फोन चालू ठेवून गप्पा मारू नका. स्टार्टरमध्ये एकाऐवजी तीन आकड्यांचा कोड ठेवायची सोय असेल तर तो ठेवा, तीन आकडे योगायोगाने जुळत नाहीत. फोन लावलेलाच नसताना मोटर पडत असेल तर तो आवाजाचा विषय नाही. सिंगल फेज प्रिव्हेंटर, ओव्हरलोड रिले आणि व्होल्टेज बघा.

सिमचंही बघून घ्या. जुन्या स्टार्टरमधलं मॉड्यूल टूजीचं असतं. जिओचं नेटवर्क टूजीवर नाही, त्यामुळे ते सिम अशा स्टार्टरमध्ये बसतं पण चालत नाही.

विहिरीत कुणी उतरलं असेल, मोटर उघडली असेल किंवा वायरमन काम करत असेल तर स्टार्टर मॅन्युअलवर टाकून फ्यूज काढून खिशात ठेवा. बोलून चालू होणारी मोटर चुकून बोलल्यानेही चालू होते.

प्रश्न : *९९# आणि यूपीआयचे फोनवरचे व्यवहार आवाजाने होतील का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : *९९# हा फोनकॉल नाही. त्यात सूर नाहीत की टेप नाही; तो यूएसएसडीचा, म्हणजे नेटवर्कमार्फत जाणारा लेखी निरोप आहे, म्हणून स्वल्पविरामांची माळ तिथे लागू पडत नाही. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयच्या १२३पे या सेवेत फोन लावून व्यवहार करता येतो, आणि तिथपर्यंतची बटणं वर सांगितल्याप्रमाणे आवाजाने दाबता येतात. पिनच्या जागी मात्र थांबा. 'टॅप फोर, टॅप सेव्हन' म्हणजे पिन मोठ्याने वाचून दाखवणंच आहे, घरात असलात तरी. ज्यांना बोटाने पिन दाबता येत नाही त्यांच्यासाठी अँड्रॉइडमध्ये 'स्विच ॲक्सेस' आहे: कोपराने, हनुवटीने किंवा पायाने दाबायचा एकच मोठा स्विच, आणि पडद्यावर सरकणारी चौकट हव्या त्या आकड्यावर आली की दाबायचं. वेळ लागतो, पण आकडा कुणाच्या कानावर पडत नाही. वेळेत पिन पूर्ण होत नसेल तर तो व्यवहार बँकेत जाऊनच करावा.

प्रश्न : गाडी चालवताना ऑफिसच्या बोर्डावर एक्स्टेन्शन दाबावं लागतं.
– एक वाचक, बावधन

उत्तर : ०२० सह नंबर, तीन स्वल्पविराम, एक्स्टेन्शन. प्रत्येक सहकाऱ्याचा वेगळा संपर्क. लांबलचक मेनू असलेले फोन गाडी थांबवून करा.

प्रश्न : काही ठिकाणी आता 'आपला क्रमांक बोला' असं सांगतात. आई अगदी स्पष्ट बोलते, तरी तिचा आकडा दर वेळी चुकीचा वाचून दाखवतात.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : साधी फोनलाइन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेते. 'स'चा सूसू भाग बराचसा त्याच्या वर असतो आणि कापला जातो. 'सहा' आणि 'दहा' मग जवळजवळ सारखे ऐकू येतात. दुसरी अडचण आपल्या अंकांची आहे. आई ४९ ला 'एकोणपन्नास' म्हणत असेल तर यंत्राला पन्नास ऐकू येतं, आणि 'बत्तीस'मध्ये दोन हा आकडा मागाहून की आधी, हे सगळ्याच यंत्रांना उलगडत नाही. म्हणून जोड्या नकोत: 'चार, नऊ, तीन, दोन' असे सुटे आकडे, प्रत्येकामध्ये अर्धा सेकंद. 'शून्य'ऐवजी 'झिरो' बोलून बघा. घाईने नको आणि फार ताणूनही नको. 'चाऽऽर' असं लांबवलं की यंत्र वाक्य संपलं समजून ऐकणं बंद करतं.

टीव्ही बंद ठेवा, कारण बोलण्यावर चालणारे मेनू टीव्हीतल्या आवाजालाही उत्तर समजून स्वतःची टेप तोडतात. स्पीकरवर न ठेवता फोन तोंडाजवळ धरा, आणि फोनमध्ये व्होल्टीई बंद असेल तर चालू करा. दोन्ही बाजूंना एचडी आवाजाची सोय असेल तर ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि 'स' परत मिळतो. एवढं करूनही दोनदा चुकलं तर तिसऱ्यांदा न बोलता गप्प राहून बघा. बरेच मेनू उत्तर न मिळाल्यास बटणांवर येतात, आणि बटणांची माळ तर संपर्कात लिहून ठेवता येतेच.